ड्रोनवरच्या हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याने उडता उडता शोध: आकडेमोड, उजेड आणि खोटे इशारे

पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका गटाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याजवळ सहा पंख्यांचा ड्रोन आहे, ४०० ते १००० नॅनोमीटरमधला (दृश्य आणि त्यालगतचा अवरक्त) प्रकाश २७० अरुंद पट्ट्यांत, म्हणजे बँडांत, वेगवेगळा मोजणारा आणि एका वेळी जमिनीची एकच रेषा टिपणारा (पुशब्रूम) हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा काही महिन्यांसाठी मिळाला आहे, आणि ड्रोनवर बसेल असा एक छोटा जीपीयू (एकाच वेळी पुष्कळ आकडेमोड करणारी चिप) असलेला संगणकही आहे. सह्याद्रीच्या दऱ्यांमध्ये वाट चुकलेल्या किंवा पडलेल्या ट्रेकरचा ठावठिकाणा उड्डाण चालू असतानाच लागावा, असा त्यांचा प्रकल्प आहे. दोन मिनिटांच्या उड्डाणाची फाइल चाळायला त्यांच्या प्रोग्रामला लॅपटॉपवर सात मिनिटे लागतात. तेव्हा कोणती पद्धत वापरली तर हे काम ‘रिअल टाइम’ होईल, डीप लर्निंगकडे वळावे का, आणि पावसाळ्यातल्या हिरव्या रानात हिरवे कापड ओळखता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. आतापर्यंतच्या कामाचा अहवालही त्यांनी सोबत पाठवला आहे; त्यात तयार संचांवर न्यूरल जाळे शिकवून पाहिल्याचीही नोंद आहे.

तिन्ही प्रश्नांना उत्तरे आहेत, मात्र ते ज्या क्रमाने विचारले गेले आहेत तो क्रम मी उलटा लावला असता. वेग ही तुमची सर्वांत सोपी अडचण आहे. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २००० सालाच्या सुमारास प्रिडेटर या मानवरहित विमानावर हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा आणि संगणक बसवून उडता उडता लक्ष्य शोधून दाखवले होते, आणि त्या काळचा विमानावरचा संगणक आज तुमच्या हातात असलेल्या जीपीयूपुढे अगदीच किरकोळ होता. तुम्हाला अडवणार आहेत त्या गोष्टी वेगळ्या आहेत: शोधायच्या वस्तूचा वर्णपट (कोणत्या बँडमध्ये ती किती प्रकाश परत पाठवते) तुम्ही कुठे आणि कसा मोजला, त्या क्षणी उजेड कसा होता, पार्श्वभूमीची आकडेवारी कोणत्या पिक्सेलांवरून काढली, आणि मिनिटाला किती खोटे इशारे सोसायची तयारी आहे. यांपैकी बहुतेक गोष्टी ड्रोन जमिनीवर असतानाच ठरवायच्या असतात. हवेत उरतात ते गुणाकार आणि बेरजा.

आधी ते गुणाकारच मोजून पाहू. तुमच्या कॅमेऱ्याच्या एका रेषेत ६४० पिक्सेल आहेत आणि १०० मीटर उंचीवरून एका पिक्सेलखाली ६ सेंटिमीटर जमीन येते असे धरले, तर पट्ट्याची रुंदी सुमारे ३८ मीटर होते. ड्रोन सेकंदाला ६ मीटर जात असेल, तर दोन रेषांमध्ये जमीन सुटू नये म्हणून सेकंदाला १०० रेषा टिपाव्या लागतात. प्रत्येक मोजमापाला २ बाइट धरले, तर सेकंदाला सुमारे साडेचौतीस मेगाबाइट, म्हणजे मिनिटाला दोन गिगाबाइटपेक्षा थोडी अधिक माहिती येते. ही माहिती रेडिओवरून खाली पाठवून मग तपासण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. दरीत तर नाहीच नाही. प्रक्रिया वरच झाली पाहिजे. सेकंदाला ६४,००० पिक्सेल तपासायचे आहेत. मॅच्ड फिल्टरला, म्हणजे प्रत्येक पिक्सेल ज्ञात वर्णपटाशी ताडून त्याला गुण देणाऱ्या पद्धतीला, एका पिक्सेलसाठी २७० गुणाकार लागतात, म्हणजे सेकंदाला १ कोटी ७३ लाख. एवढे काम तर एखादा मोबाइल फोनही करील. आजूबाजूपेक्षा वेगळे पिक्सेल शोधणाऱ्या आरएक्ससारख्या पद्धतीत पिक्सेलमागे २७० चा वर्ग, म्हणजे ७२,९०० गुणाकार लागतात आणि सेकंदाचा हिशेब सुमारे ४६७ कोटींवर जातो. कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स (पार्श्वभूमीत कोणते बँड एकमेकांबरोबर कसे बदलतात याचा तक्ता) प्रत्येक पिक्सेलने अद्ययावत करायचे म्हटले, तर साधारण तेवढेच काम आणखी. तुमच्या जीपीयूला हेही जड नाही.

तरीसुद्धा २७० बँड तसेच वापरू नका. ६०० नॅनोमीटरमध्ये २७० बँड म्हणजे एक बँड सव्वादोन नॅनोमीटरचा झाला. वायूंच्या शोषणरेषा बारीक असतात, पण कापड, रंग, पाने, माती, दगड यांच्या वर्णपटातले चढउतार दहा-दहा नॅनोमीटर किंवा त्याहून रुंद असतात. शेजारचे चार-चार बँड एकत्र केले की ६७ बँड उरतात, आरएक्सचे काम सोळापटीने कमी होते, आणि प्रकाशकणांच्या मोजणीतून येणाऱ्या गोंगाटाच्या तुलनेत संकेत जवळपास दुप्पट होतो. शिवाय दोन्ही टोकांचे बँड, विशेषतः ९५० नॅनोमीटरच्या पलीकडचे, सिलिकॉन डिटेक्टरला जेमतेमच दिसतात. ते ठेवायचे की टाकायचे हे आपल्याच कॅमेऱ्याचा डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेली नोंद) आणि पांढऱ्या पॅनेलची नोंद पाहून ठरवावे. महागडा कॅमेरा हाती आला की त्याचा प्रत्येक बँड वापरून घ्यावासा वाटतो. माझेही तसेच झाले होते.

मग सात मिनिटे कशाला लागतात? प्रोग्राम पाहिल्याशिवाय मी फक्त अंदाज सांगू शकतो. बहुधा तुम्ही प्रत्येक पिक्सेलभोवती चौकोनी खिडकी घेऊन दर वेळी मॅट्रिक्स नव्याने उलटवत आहात, आणि आधी संपूर्ण फाइल मेमरीत आणून मग कामाला लागत आहात. यातली दुसरी सवय जास्त घातक आहे, कारण ती नुसती वेळ खात नाही, तर उड्डाणात कधीच नसणारी एक सवलत तुम्हाला देते. फाइलमध्ये पुढच्या रेषा आधीच असतात. हवेत त्या अजून टिपल्याच गेलेल्या नसतात. म्हणून प्रयोगशाळेतही प्रोग्रामला एकेक रेषाच द्या, ती ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने येते तशीच, आणि मागे वळून पाहायला बंदी घाला. ‘रिअल टाइम’ची व्याख्याही इथेच स्पष्ट होते. उत्तर काही मिलिसेकंदांत यावे असा तिचा अर्थ नाही. ट्रेकरच्या शोधात दोन सेकंदांनी आलेला इशाराही पुरेसा आहे. रांगेत थांबलेल्या रेषांची संख्या उड्डाणभर वाढत जाता कामा नये, एवढीच खरी अट आहे.

ही अट आम्ही एकदा मोडली, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. एप्रिलच्या दुपारी पुण्याजवळच्या एका माळावर चाचणी चालू होती. पहिली चार मिनिटे सगळे सुरळीत चालले, मग तापलेल्या संगणकाने स्वतःहून आपला वेग कमी केला, आणि रेषा रांगेत साचू लागल्या. इशारे येत होते, पण ४० सेकंद उशिरा. त्यात भर म्हणजे इशाऱ्याला जागा जोडताना आम्ही रेषा टिपल्याची वेळ न घेता इशारा निघाल्याची वेळ घेतली होती, त्यामुळे नकाशावरचा ठिपका २४० मीटर पुढे उमटत होता. आम्ही रिकाम्या जागी चाचणीसाठी ठेवलेले कापड शोधत फिरलो. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून कॅमेऱ्याच्या शटरचा स्पंद थेट जीपीएसच्या घड्याळाशी जोडून प्रत्येक रेषेवर वेळ कोरून घ्यायची, आणि उडण्याआधी संगणक उन्हात वीस मिनिटे पूर्ण भाराने चालवून पाहायचा, हे आमचे दोन नियम झाले आहेत.

आता पद्धतीविषयी. आरएक्स हे नाव इरविंग रीड आणि शियाओली यू यांच्यावरून पडले; त्यांचा मूळ लेख १९९० चा आहे. हे रीड म्हणजे सीडी आणि क्यूआर कोड यांमधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या रीड-सॉलोमन कोडमधले रीड. आरएक्स विचारते ते एवढेच, की हा पिक्सेल आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किती वेगळा आहे. काय शोधायचे हे तिला सांगावे लागत नाही, हा तिचा गुण, आणि तोच तिचा दोष. सह्याद्रीत वेगळे म्हणजे काय काय असते याची कल्पना करून पाहा: गोठ्यावरची निळी ताडपत्री, पांढरी गाय, देवळाचा भगवा झेंडा, ओढ्याचा फेस, फेकलेली पाण्याची बाटली, एखाद्या खडकावर टेकलेले ऊन. आरएक्स या सगळ्यांना तितक्याच निष्ठेने दाखवते. हरवलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र एक मोठी सोय असते. त्याने काय घातले होते हे घरचे किंवा बरोबरचे लोक सांगू शकतात, अनेकदा सकाळी पायथ्याशी काढलेला फोटोही असतो. तेव्हा ज्ञात वर्णपट घेऊन काम करणारा मॅच्ड फिल्टर किंवा एसीई नावाची, दोन वर्णपटांमधला कोन मोजणारी पद्धत मुख्य ठेवावी, आणि आरएक्स तिच्या जोडीला दुय्यम म्हणून चालवावी. एसीई लक्ष्याच्या एकूण उजळपणाकडे फारसे लक्ष देत नाही, वर्णपटाच्या आकाराकडे देते, त्यामुळे अर्धवट उजेडात ती अधिक टिकते असा माझा अनुभव आहे.

या सर्व पद्धतींचा पाया म्हणजे पार्श्वभूमीचे कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स, आणि खरी कारागिरी तिथेच आहे. रडारच्या क्षेत्रात १९७४ साली मांडलेला एक नियम आहे, त्यातही रीड होतेच. नमुन्यांची संख्या परिमाणांच्या दुप्पट असेल, तर अंदाजी मॅट्रिक्स वापरल्यामुळे होणारे सरासरी नुकसान सुमारे ३ डेसिबल, म्हणजे निम्मे असते. ६७ बँडसाठी हा आकडा १३४ होतो आणि एका रेषेतच ६४० पिक्सेल असतात, तेव्हा एक रेषा पुरे असे वाटेल. पण तो नियम परस्परांपासून स्वतंत्र नमुन्यांचा आहे. एकाच कारवीच्या झुडपावरचे शेजारचे पन्नास पिक्सेल हे पन्नास स्वतंत्र नमुने नव्हेत. मी साधारण २०० ते ५०० रेषांचे सरकते स्मरण ठेवतो, म्हणजे जमिनीवर १२ ते ३० मीटर, आणि जुन्या रेषांचे वजन हळूहळू कमी करत नेतो. स्मरण फार लांब ठेवले तर ड्रोन रानातून कातळावर आल्यावरही मॅट्रिक्स रानाचेच राहते आणि सगळा कातळ ‘वेगळा’ ठरतो. फार आखूड ठेवले तर उलट संकट येते. पडलेला माणूस म्हणजे १.७ मीटर, म्हणजे सुमारे २८ रेषा. स्मरण आखूड असेल तर त्या २८ रेषांत त्याचे जॅकेटच पार्श्वभूमीचा भाग बनते आणि स्वतःलाच दडपून टाकते. यावर उपाय साधा आहे. नवीन रेषा लगेच मॅट्रिक्समध्ये घालू नका, चाळीसेक रेषा मागे राहा, आणि ज्या पिक्सेलना जास्त गुण मिळाले आहेत ते मॅट्रिक्समध्ये घालूच नका.

पाठ्यपुस्तकांत व्यस्त मॅट्रिक्स थेट अद्ययावत करण्याचे शर्मन-मॉरिसन सूत्र दिलेले असते, आणि विद्यार्थ्यांना ते फार आवडते. सूत्र बरोबर आहे. पण ३२ बिटांच्या आकडेमोडीत हजारो वेळा वापरले की चुका साचत जातात आणि मॅट्रिक्स कधी बिघडले ते कळतही नाही. ६७ बँडचे मॅट्रिक्स नव्याने विघटित करायला साधारण पन्नास हजार गुणाकार लागतात. दर दहा-वीस रेषांनी चोलेस्की विघटन (मॅट्रिक्सचे दोन त्रिकोणी घटक पाडण्याची पद्धत) नव्याने करा, कर्णावर थोडीशी भर घाला, आणि निवांत राहा.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो मी पहिला धरला असता: हिरव्यात हिरवे. डोळ्याला जे एकसारखे हिरवे दिसते, ते ७०० नॅनोमीटरच्या पलीकडे एकसारखे राहत नाही. पानातले क्लोरोफिल ६७० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेते, आणि पुढच्या ५०-६० नॅनोमीटरमध्ये परावर्तन कड्यासारखे उभे चढते. याला ‘रेड एज’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात हिरव्या रंगाने झाकलेली ठाणी ओळखण्यासाठी अवरक्त प्रकाशाला संवेदनशील असलेली रंगीत फिल्म वापरली गेली, ती याच फरकाच्या जोरावर. त्यावरून ‘कापडाला रेड एज नसते, म्हणून ते सहज सापडेल’ असा निष्कर्ष तुम्ही काढला असेल, तर थोडे थांबा. कापडाचे अनेक रंग ७०० नॅनोमीटरनंतर पारदर्शक होतात आणि खालचा धागा उजळ दिसू लागतो. काळा टी-शर्टसुद्धा अवरक्तात पांढुरका दिसतो, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. म्हणजे हिरव्या कापडालाही चढ असतो. फरक इतकाच, की तो चढ नेमक्या त्याच जागी आणि तितका उभा नसतो, ६७० जवळची खोल दरी नसते, आणि ओल्या पानात ९७० नॅनोमीटरजवळ पाण्यामुळे येणारी खळगी कोरड्या कापडात नसते. एवढा फरक २७० बँडच्या कॅमेऱ्याला भरपूर आहे. पण तो तुमच्या प्रोग्रामला दिसावा यासाठी त्या विशिष्ट कापडाचा वर्णपट मोजलेला हवा. ‘हिरवे जॅकेट’ नावाचा सर्वसाधारण वर्णपट अस्तित्वात नाही.

मोजायचा तोही शक्यतो उघड्यावर, उन्हात, आणि कापड कोरडे व ओले अशा दोन्ही अवस्थांत. कापड भिजले की एकंदर काळवंडते आणि वर्णपटाचा आकारही थोडा बदलतो. हॅलोजन दिव्याखाली खोलीत मोजलेला कोरडा नमुना घेऊन जुलैत ताम्हिणीकडे गेलो, तर जे सापडायला हवे ते सापडत नाही आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. माझ्या मते पुण्यातल्या ट्रेकिंग साहित्याच्या दुकानांत ज्या रंगांची जॅकेटे, पोंचो आणि सॅक सर्रास विकल्या जातात, त्यांचा दोन्ही अवस्थांतला संग्रह करणे हेच तुमच्या प्रकल्पाचे सर्वांत उपयोगी फलित ठरेल. ते काम कंटाळवाणे आहे आणि त्याला एक पावसाळा लागेल.

सह्याद्रीची पार्श्वभूमीही वर्षभर एक राहत नाही. जुलैत सगळीकडे क्लोरोफिल आणि पाणी असते. ऑक्टोबर सरता सरता गवत पिवळे पडते, आणि फेब्रुवारीत तोच उतार वाळलेले गवत, काळा बेसॉल्ट आणि उघडी माती यांचा होतो. वाळक्या गवताला खास ओळख देणारी सेल्युलोज आणि लिग्निनची शोषणे २१०० आणि २३०० नॅनोमीटरजवळ असतात, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर. खाकी आणि तपकिरी कापडे उन्हाळ्यात तुम्हाला जास्त छळतील ती यामुळे. हिरव्या रानाची भीती वाटते, पण ४०० ते १००० नॅनोमीटरच्या कॅमेऱ्यासाठी पावसाळ्याची पार्श्वभूमी उन्हाळ्यापेक्षा सोपी आहे; अवघड असतो तो पावसाळ्याचा उजेड.

उजेडाविषयी तीन गोष्टी. सेकंदाला १०० रेषा म्हटल्यावर एका रेषेला जास्तीत जास्त १० मिलिसेकंद मिळतात. दाट ढगांखाली ते पुरत नाहीत, आणि मग वेग निम्मा करावा लागतो. त्याची तयारी उड्डाणाच्या आराखड्यातच ठेवा. दुसरी गोष्ट सावलीची. दरीच्या सावलीतल्या जमिनीवर थेट सूर्यप्रकाश पोहोचत नाही, आकाशाचा निळसर प्रकाश तेवढा पडतो. त्यामुळे तिथे वर्णपट नुसता मंद होत नाही, तर त्याचा कलच बदलतो, आणि फक्त आकार पाहणारी पद्धतही फसते. माझा उपाय असा, की प्रत्येक कापडाचे दोन वर्णपट ठेवायचे, एक उन्हातला आणि एक सावलीतला, आणि दोन्ही चालवायचे. एक वर्णपट वाढल्याने मॅच्ड फिल्टरच्या वेगात काही फरक पडत नाही. उजेडाची दुरुस्ती सेकंदाला ६४,००० पिक्सेलवर करण्याऐवजी लक्ष्याच्या वर्णपटावरच एकदा करता येते, कारण लक्ष्य आणि पार्श्वभूमी या दोहोंवर बँडनिहाय एकच गुणक लागला तर या पद्धतींचे उत्तर बदलत नाही. त्यासाठी ड्रोनच्या पाठीवर आकाशाकडे पाहणारा छोटा प्रकाशमापक बसवा, मात्र ड्रोन कलला की तोही कलतो हे विसरू नका. तिसरी गोष्ट खास आपल्या अक्षांशाची. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हा खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या चौकटीच्या मधोमध ड्रोनची स्वतःची सावली आणि तिच्याभोवती सावल्या नाहीशा झालेला एक उजळ डाग येतो. दर रेषेतले तेच पिक्सेल पुन्हा पुन्हा ‘वेगळे’ ठरू लागले, तर प्रोग्राममधली चूक शोधण्याआधी घड्याळ पाहा.

खोट्या इशाऱ्यांचा हिशेब तुमच्या अहवालात मला कुठेच दिसला नाही. एयूसी (खऱ्या आणि खोट्या इशाऱ्यांच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ) ०.९९ आला असे लिहिले आहे, पण त्या आकड्याने काहीच ठरत नाही. सेकंदाला ६४,००० पिक्सेल तपासले जात असताना खोट्या इशाऱ्याचे प्रमाण हजारात एक असेल, तर दर सेकंदाला ६४ इशारे येतील. लाखात एक असेल तर मिनिटाला ३८. दहा लाखांत एक असेल तेव्हा कुठे पंधरा-सोळा सेकंदांनी एक इशारा येतो, आणि पडद्यासमोर बसलेला माणूस तेवढाच वेळ देऊ शकतो. तुमचा आलेख ज्या भागात सुंदर दिसतो, त्या भागात प्रत्यक्षात कोणी काम करत नाही. शिवाय पार्श्वभूमी गाउसच्या वितरणाप्रमाणे आहे असे धरून कागदावर काढलेला उंबरठा (किती गुणांपासून इशारा द्यायचा तो आकडा) प्रत्यक्षात कितीतरी अधिक खोटे इशारे देतो, कारण निसर्गाच्या वितरणाचे शेपूट लांब असते. उंबरठा सूत्रावरून ठरवू नका; लक्ष्य नाही याची खात्री असलेल्या जमिनीवरून दहा मिनिटे उडून, गुणांची नोंद करून ठरवा. मग शेजारच्या पिक्सेलांचे गठ्ठे करा. ६ सेंटिमीटरच्या पिक्सेलमध्ये जॅकेट शंभरेक पिक्सेल व्यापते, तेव्हा एकट्यादुकट्या पिक्सेलचा इशारा बाटलीचा किंवा पानावरच्या चकाकीचा असण्याचीच शक्यता जास्त. प्रत्येक गठ्ठ्यासाठी खाली पाठवायचे ते एवढेच: जागा, गुण, आणि जोडीच्या साध्या रंगीत कॅमेऱ्यातून कापलेले लहानसे चित्र. निर्णय माणूस त्या चित्रावरून घेईल.

जागेच्या अचूकतेबद्दल थोडक्यात. पुशब्रूम कॅमेरा एका वेळी एकच रेषा टिपतो, त्यामुळे ड्रोनचा प्रत्येक झोल चित्रात उतरतो. ०.१ अंशाच्या कलाने १०० मीटरवरून १७ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळपास तीन पिक्सेलचा फरक पडतो. शोधासाठी हे चालते, कारण बचावपथकाला पाच-दहा मीटरची जागा पुरते; नकाशा बनवायला चालत नाही. खरा प्रश्न दरीचा आहे. कड्यावरून उडालेला ड्रोन पुढे सरकताच जमीन २०० मीटर खाली जाते, आणि ६ सेंटिमीटरचा पिक्सेल १८ चा होतो. त्यामुळे जमिनीच्या उंचीचा आराखडा आधीच घालून उतारासोबत उडायला हवे.

डीप लर्निंगला माझा विरोध नाही, पण तुम्ही ज्या संचांवर न्यूरल जाळे शिकवले ते पाहा. ‘इंडियन पाइन्स’ हा संच भारतातला नाही, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या शेतांचा आहे, आणि तो १९९२ साली एव्हिरिस या विमानावरच्या उपकरणाने टिपला. १४५ गुणिले १४५ पिक्सेलच्या त्या एका चित्रातले काही पिक्सेल शिकवायला आणि त्यांचे शेजारी तपासायला घेतले, तर ९९ टक्के यश मिळणारच. शेजारी तर आधीच पाहून झालेले असतात. ज्या उड्डाणावर शिकवले त्याहून वेगळ्या दिवसाच्या, वेगळ्या डोंगरावरच्या उड्डाणावर तपासा. तुमच्याकडे अशी वीस-तीस उड्डाणे जमली, तर गठ्ठ्यांच्या रंगीत चित्रांवरून ताडपत्री आणि जॅकेट वेगळे करायला छोटे जाळे जरूर वापरा. तिथे ते खरोखर उपयोगी पडते.

एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. माणूस शोधण्यासाठी एकच कॅमेरा न्यायचा झाला, तर मी हायपरस्पेक्ट्रल नेणार नाही, थर्मल नेईन. तो रात्री चालतो, स्वस्त आहे, आणि शरीराची ऊब पाहतो. दुपारी तापलेल्या कातळावर मात्र थर्मल आंधळा होतो, कारण दगड आणि माणूस यांचे तापमान सारखेच होते, आणि नेमके तेव्हा तुमचे उपकरण कामाला येते. झाडीच्या छताखालचे दोघांनाही दिसत नाही. बचावपथकांशी बोलताना या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगा.

चाचणीच्या जागेचे म्हणाल, तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या विभागात १२० मीटरपर्यंत परवानगीशिवाय उडता येते, पण पुण्याभोवती लोहगावचा हवाई तळ, खडकवासल्याची प्रबोधिनी आणि पाषाण-दिघीकडच्या संरक्षण प्रयोगशाळा असल्यामुळे शहराजवळचा बराच भाग त्यात बसत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा त्याच दिवशी सकाळी पाहा, ड्रोनची नोंदणी आणि वैमानिकाचे प्रमाणपत्र बरोबर ठेवा, आणि वनखात्याच्या हद्दीत त्यांची परवानगी वेगळी लागते हे लक्षात असू द्या. भोर किंवा वेल्ह्याकडचे एखादे पडीक खाजगी रान, मालकाला विचारून, सर्वांत सोयीचे.

पहिल्या तीन उड्डाणांत इशारे दाखवणारा भाग बंदच ठेवा आणि फक्त नोंद करा: एक उड्डाण काहीही न ठेवता, एक उन्हात कापडे पसरून, एक तीच कापडे झुडपांच्या सावलीत ठेवून. कापडे कुठे ठेवली ते प्रोग्राम चालवणाऱ्याला सांगू नका. मग नोंद केलेल्या रेषा त्याच वेगाने प्रोग्राममधून सोडा, आणि रांगेची जास्तीत जास्त लांबी व रिकाम्या उड्डाणातले मिनिटाचे खोटे इशारे असे दोन आकडे मला कळवा. उंबरठा कुठे ठेवायचा ते त्यांवरून सांगता येईल.